पासवर्डाची भाजी

"अनलिमिटेड म्हंजे काय, ते आंधी सांग मले."

"मामा, तिसऱ्यांदा सांगून राह्यली. ते बंद झालं."

"बंद झालं त मंग पाटीवर काऊन लिहेल हाये?"

राखीने पाटीकडे पाहिलं नाही. पाटी तिच्याच दुकानाच्या कपाळावर होती. कंपनीच्या माणसाने येऊन फुकटात ठोकून दिली होती, आणि तिच्यावरचा तो शब्द एवढा मोठा होता की समोर उभ्या एसटीच्या ड्रायव्हरलाही चष्म्याशिवाय वाचता यावा.

"ते बोलाचं अनलिमिटेड हाये. फोन लावा, दिवसभर बोला, कोनी काही म्हनत नाई. नेट मोजून."

"मले बोलाले कोन हाये?" पुंजाजी म्हणाले. मग हे वाक्य आपण दुकानात मोठ्याने बोललो, हे लक्षात येऊन त्यांनी काउंटरवरचं एक मोबाईलचं कव्हर उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. कव्हर गुलाबी होतं, त्यावर ससा होता.

पिंपळगाव राजाच्या बसस्टँडला लागून राखीचं दुकान. रिचार्ज, काचा, कव्हरं, झेरॉक्स. राखी मूळची पुंजाजींच्याच गावची, इथून चार किलोमीटर. गावच्या जिल्हा परिषद शाळेत ती शिकली तेव्हा पुंजाजी तिथे शिपाई होते, आणि शाळेच्या शिपायाला पोरं मामा म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी त्या शाळेची घंटा वाजवली. म्हणजे लटकवलेला रेल्वेरुळाचा तुकडा होता, तो लोखंडी दांड्याने ठोकायचा. त्यांच्या ठोक्यावर बसलेली-उठलेली पोरं आता बाप झाली होती आणि तरी त्यांना मामाच म्हणत. त्यामुळे राखीला हा भांडण करणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून हाकलता येत नव्हता.

तिने शेजारच्या रसवंतीतून तीन रिकामे ग्लास मागून आणले, लहान, मधला आणि मोठा, आणि काउंटरवर मांडले. हा दीड जीबी, हा दोन, हा तीन. रोज एक ग्लास भरून मिळणार. ग्लास संपला की त्या दिवशी मग थेंब थेंब. तुम्हाला कोणता पाहिजे ते सांगा.

"आन ह्याच्याहून मोठा?"

"ह्याच्याहून मोठा ग्लास नाई, मामा."

"पह्यले त नदी व्हती."

"व्हती," राखी म्हणाली. "आता ग्लास हाये."

पुंजाजींनी मोठा ग्लास घेतला, म्हणजे पॅक घेतला, आणि चारच्या आत गावात पोचायला हवं म्हणून समोरच्या काळीपिवळीत बसले.

चारचं महत्त्व असं होतं.

सेवानिवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी बायको जनकाबाई गेली. मुलगा प्रसेनजित नाशकात एका कारखान्यात सुपरवायझर. तो वडिलांना घेऊन जायला आला, तेव्हा पुंजाजी म्हणाले की नाशकात मी कोणाला मामा? तो एकटाच परत गेला आणि जाताना आपला जुना फोन देऊन गेला. जुना म्हणजे त्याच्यासाठी जुना. गल्लीत तसा फोन दुसरा नव्हता. पिंपळगावच्या रस्त्याला नुकताच फाईव्ह जीचा टॉवर लागला होता, तो फोन ते नेट धरत होता, आणि कंपनीने ते सगळ्यांना चाखायला म्हणून मोजमाप न लावता सोडलं होतं.

त्या नेटवर पुंजाजी स्वयंपाक शिकले. जनकाबाई असेपर्यंत त्यांना चुलीतला विस्तवसुद्धा नीट सारता येत नव्हता. आता ते फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवत, आणि फोनमधली कोल्हापूरकडची एक बाई त्यांना सांगे की आता कांदा लाल झाला का बघा. पुंजाजी तिला, झाला, म्हणून सांगत. ती मिरच्या फार टाकायची, तेवढ्या ते टाकत नसत. बाकी सगळं ती म्हणेल तसं. वर्षभरात त्यांना मुगाची भाजी, पातोडीचा रस्सा, अंबाडी, वांग्याचं भरीत, सगळं जमू लागलं. खाणारे ते एकटेच होते.

समोरच्या घरची वैष्णवी खामगावला बी.एस्सी.ला जायची. एक दिवस तिचा दीड जीबी दुपारीच संपला आणि तिने येऊन विचारलं, मामा, तुमचं हॉटस्पॉट लावू का? पुंजाजी म्हणाले, लाव. काय लावायचं ते त्यांना माहीत नव्हतं, पण पोरगी विचारते आहे तर लावू द्यावं. तिने पासवर्ड टाकला एकपासून आठपर्यंत आकडे. तिच्याकडून तिच्या भावाला कळला, भावाकडून गल्लीला.

आठवडाभराने वैष्णवीने त्यांना फोन उघडून दाखवलं. मामा, बघा, दहा जण जोडलेत. फोन दहाच घेतो, नाहीतर अजून असते. पुंजाजींनी चष्मा लावला आणि ओट्यावरून गल्लीत पाहिलं. गल्लीत एक शेळी होती. दहा माणसं त्यांना जोडलेली होती आणि ओट्यावर ते एकटे होते. कोणी भिंतीपलीकडे पडून होतं, कोणी माळवदावर, कोणी गोठ्यात. शेजारचा शालिग्राम तर न्हाणीत बसून पाहायचा म्हणे.

"हे बदलता येते का?" त्यांनी वैष्णवीला विचारलं.

"काय?"

"कुलूप."

बदलता येत होतं. तिने शिकवलं. आणि पुंजाजींनी नियम केला की पासवर्ड रोज बदलेल, रोज चार वाजता, आणि तो आज मामांनी जी भाजी केली ती. ज्याला पाहिजे त्याने ओट्यावर यायचं आणि विचारायचं. चिठ्ठी नाही, व्हाट्सॅप नाही, एकाने दुसऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं तर उद्यापासून त्याला बंद. एकतीस वर्षं घंटा वाजवलेल्या माणसाला लोकांना वेळेवर कसं जमवायचं हे शिकवावं लागत नाही.

भाजी खरी असली पाहिजे हा नियमाचा दुसरा भाग होता. हा त्यांनी कोणाला सांगितला नव्हता, स्वतःपुरता ठेवला होता. एकदा सकाळी त्यांनी भरीत करायचं ठरवून तसा पासवर्ड टाकून ठेवला, आणि ऐनवेळी वांगी किडकी निघाली. मग त्यांनी वरण केलं आणि चारच्या आधी बसून पासवर्डही वरणाचा केला. फोनला आठ अक्षरं लागतात. वरण कमी भरलं तेव्हा पुढे भात टाकला, आणि टाकला म्हणून मग तो शिजवलाही.

तर रोज चार वाजता लोक येत. पहिल्या दहांना लागत असल्यामुळे पावणेचारलाच येत. येणारा प्रत्येक जण जोते चढताना म्हणे, "मामा, आज काय भाजी केली?" पुंजाजी सांगत. नुसती भाजी सांगत नसत, ती कशी केली तेही सांगत, आणि ऐकून घेणं भाग होतं, कारण फोन त्यांच्या हातात असे आणि हॉटस्पॉट ते कथा संपल्यावर चालू करत. शालिग्राम एकदा म्हणाला की मामा, नुसतं नाव सांगा, मॅच सुरू झाली. पुंजाजींनी फोडणी पहिल्यापासून सांगितली.

या सगळ्यांत एक येणारे होते भगवानराव. माजी सरपंच, साठ एकराचे धनी, वय बहात्तर. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, सहा गल्ल्या पलीकडे, आणि या गल्लीत ते पूर्वी मतं मागायला तेवढे येत. शाळा समितीचे ते अध्यक्ष होते तेव्हा बैठकीचा चहा त्यांच्या घरून किटलीतून यायचा, चहा करायला शाळेत पुंजाजी असूनही. पुढे कधीतरी ती किटली यायची बंद झाली. बंद झाल्याचं कोणी बोललं नाही, जसं ती येत होती तेव्हाही कोणी बोललं नव्हतं.

भगवानराव ठोक्याला चारला येत. ओट्याच्या कडेला, खांबाशी बसत. बंडीच्या खिशात त्यांचा फोन असे, त्यांच्या मंडळीने शिवलेल्या निळ्या कापडी पिशवीत, वर नाडी ओढून. ते विचारत, "पुंजाजी, काय भाजी केली आज?" गावात पुंजाजींना मामा न म्हणणारे तेवढेच. पुंजाजी सांगत. भगवानराव पुढे विचारत की इंग्रजीत कसं लिहायचं, पहिलं अक्षर मोठं की लहान. पुंजाजी एकेक अक्षर सांगत आणि भगवानराव ओठांतल्या ओठांत म्हणून घेत.

"टाका नं मंग," पुंजाजी म्हणत.

"घरी जाऊन टाकतो," भगवानराव म्हणत.

सहा गल्ल्या पलीकडे ते नेट पोचत नाही हे ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. पण माजी सरपंचाला हे कोण सांगणार? चहा विचारला की ते म्हणत, आताच घेऊन आलो. तास-सव्वातास बसत, आणि जात. दीड वर्षात त्यांचा एक दिवस चुकला, तोही पुतण्याच्या लग्नाचा.

आणि मग कंपनीचा मेसेज आला. चाखणं संपलं होतं. आता ज्याला जेवढं पाहिजे त्याने तेवढ्याचा पॅक घ्यायचा. पुंजाजींच्या पॅकात दीड जीबी होतं. ते त्या दिवशी चार वाजून बारा मिनिटांनी संपलं आणि ओट्यावरच्या दहाही फोनमध्ये एकच गोल चकरी फिरू लागली. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी पिंपळगावला जाऊन राखीशी भांडले आणि मोठा ग्लास घेऊन आले.

मोठा ग्लास साडेचारपर्यंत पुरला.

त्या रात्री पुंजाजींनी विचार केला, आणि तो विचार गावातल्या कोणत्याही शहाण्या माणसाने केला असता तसाच होता. त्यांच्या गावात नळ आठव्या दिवशी येतो. नळ आला की माणसं कामधंदा सोडून घरी थांबतात आणि टाकी, ड्रम, हंडे, कळशा, अगदी पातेलीसुद्धा भरून घेतात, आणि पुढचे आठ दिवस त्यावर काढतात. पुंजाजींच्या अंगणात सिमेंटची एक टाकी आणि दोन निळे ड्रम होते. रोज तीन जीबी येत असतील आणि वापरले नाहीत, तर आठ दिवसांत चोवीस होतील. मग रविवारी सगळ्यांना पोटभर. हे राखीला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. टाकीत भरलेलं टाकीतच राहतं, यात विचारायचं काय?

त्यांनी फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि कोनाड्यात ठेवला. चार वाजता लोक आले तेव्हा त्यांनी सांगितलं, रविवारी या, भरून राह्यलो.

लोकांना हे पटलं. शालिग्राम म्हणाला की हे आपल्याला कसं सुचलं नाही. वैष्णवीच्या वडिलांनी विचारलं की फोन उन्हात तर नाही ना ठेवला, उडून जाईल. फक्त वैष्णवी म्हणाली की मामा, ते तसं नसते. पण ती कॉलेजातून नुकतीच आलेली, घरात जायच्या घाईत होती आणि पोरींचं सगळंच ऐकायचं नसतं.

ते आठ दिवस भगवानराव तेवढे येत राहिले. त्यांना सांगितलं की पासवर्ड रविवारी. ते म्हणाले, बरं, आणि खांबाशी बसले. मध्ये एकदा त्यांनी सांगितलं की प्रसेनजितचा फोन आला होता. बाबांचा फोन चार दिवस बंद लागतो म्हणून तो घाबरला होता, आणि गावातला दहा वर्षांत न बदललेला एकच नंबर त्याच्याकडे होता, तो सरपंचांचा. पुंजाजींनी विचारलं, मग काय सांगितलं? भगवानराव म्हणाले, सांगितलं की बाप बरा आहे, नेट भरून राह्यला.

रविवारी पुंजाजींनी शेवभाजी केली. खोबरं भाजून, रस्सा दाट. आजवरची सगळ्यात मोठी गर्दी होती, तेवीस माणसं, दोन बाया तर वरच्या गल्लीतून आलेल्या. पुंजाजींनी फोन फडक्यातून काढला, चालू केला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच भाजीची कथा थोडक्यात आटोपली, कारण लोक आठ दिवसांचे तहानलेले होते. पहिले दहा जोडले गेले. बाकीचे त्यांच्या खांद्यांवरून पाहू लागले. कोणी सिनेमा लावला, कोणी मॅच, वैष्णवीच्या भावाने एकदम सात गोष्टी उतरवायला लावल्या.

एकोणीस मिनिटं.

चकरी फिरू लागली तेव्हा लोक आधी थोडे थांबले. आठ दिवसांच्या टाकीचा नळ कधीकधी अडकतो, हवा धरतो. शालिग्रामने फोन हलवून पाहिला. मग वैष्णवीने पुंजाजींच्या हातातून फोन घेतला, काहीतरी उघडून वाचलं आणि सांगितलं.

"मामा, रोज राती बाराले जुनं काढून टाकते आन नवीन भरते."

"काढून कोठी टाकते?"

"कोठीच नाई."

"आठ दिवसाचं?"

"गेलं."

पुंजाजींनी हे समजून घ्यायचा प्रयत्न केला. टाकी वाहून गेली तर निदान शेजाऱ्याची पपई तरी जगते. रोज रात्री बाराला तीन-तीन करत एकवीस जीबी वाहून गेलं आणि त्याच्यावर कुठे काही उगवलं नाही, हे त्यांना कंपनीच्या दरांपेक्षाही लबाडीचं वाटलं. पण कंपनी समोर नव्हती. समोर तेवीस माणसं होती.

कोणी चिडलं नाही. शिपाईमामावर कोण चिडणार? ते, जाऊ द्या मामा, म्हणाले आणि उठले, एकेक, चपला शोधत. वरच्या गल्लीतल्या बाया जाता जाता म्हणाल्या की शेवेचा वास लय भारी सुटला. ओटा मोकळा व्हायला जेवढा वेळ लागला त्यात पुंजाजींच्या हातातला फोन आपोआप विझला. खांबाशी भगवानराव होते. त्यांनी शेवभाजीतला पहिला एस मोठा का, असं विचारलं. पुंजाजींनी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या अकरा जणांनी राखीकडून आपापले मोठे ग्लास घेतले. हे राखीनेच पुंजाजींना सांगितलं. ते तिच्याकडे पॅक बंद करायला गेले होते. तिला बिचारीला वाटलं की ऐकून बरं वाटेल, म्हणून तिने असंही सांगितलं की मामा, तुमच्यामुळे मले गिऱ्हाईक भेटलं. आता चार वाजता गल्लीत शेळी तेवढी असे. घराघरांतून आवाज यायचे, प्रत्येकाच्या स्वतःच्या नेटचे.

पुंजाजींनी फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात घातला. यावेळी भरायला नव्हे. आणि त्यांनी भाजी करणं सोडलं. ठरवून सोडलं असं नाही. एक दिवस ठेचा-भाकर खाल्ली, दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी भाकर आणि कांदा. ज्या माणसाला संध्याकाळपर्यंत कोणी विचारणार नाही त्याने कांदा लाल होईपर्यंत कशाला उभं राहावं? कोल्हापूरची बाई डब्यात, ज्वारीखाली.

चारला भगवानराव आले.

"पुंजाजी, काय भाजी केली आज?"

"नाई केली."

"मंग पासवर्ड?"

"पासवर्ड नाई आन नेट बी नाई. बंद केलं सम्दं."

भगवानराव म्हणाले, बरं, आणि बसले. खांबाला टेकून गल्लीकडे पाहत राहिले. शेळी समोरच्या भिंतीवरचं पोस्टर खात होती. तासाभराने ते उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि पुन्हा तेच विचारलं. पुंजाजींना राग आला. बहात्तर वर्षांच्या माणसाला किती वेळा सांगायचं की नेट बंद म्हणजे बंद, तुमच्या फोनात आता काही येणार नाही, घरी जाऊन टाका नाहीतर शेतात जाऊन टाका. हे सगळं ते मनात म्हणाले. तोंडाने एवढंच म्हणाले की नाई केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परड्यातली अंबाडी खुडली. नाई केली हे उत्तर त्यांना आता द्यायचं नव्हतं, आणि खोटं उत्तर द्यायची सवय नव्हती. कोल्हापूरच्या बाईला विचारायचं कारण नव्हतं. अंबाडी तिच्यापेक्षा त्यांना बरी येत होती. ज्वारीच्या कण्या टाकल्या, वरून लसणाचं तेल घातलं. शिजत असताना त्यांच्या लक्षात आलं की भाजी दोघांची होते आहे. कमी करायला आता उशीर झाला होता.

चारला भगवानराव जोते चढले, खांबाशी बसले.

"काय भाजी केली आज?"

"अंबाडी."

"ए नं का?"

"हाव."

"मोठा?"

पुंजाजी उत्तर देणार तेवढ्यात भगवानरावांच्या बंडीत फोन वाजला. त्यांनी नाडी सोडली, पिशवीत दोन बोटं घालून फोन काढला, कानाला लावला, हो हो म्हणाले आणि पुंजाजींपुढे धरला.

"घे. पोराचा हाये. तुहा बंद लागून राह्यला म्हनते."

पुंजाजींनी फोन घेतला. प्रसेनजित पलीकडून रागावत होता, की आता कशाला बंद केलाय, माणूस घाबरतो ना बाबा. पुंजाजी हाव म्हणत होते. जेवलो म्हणत होते. अंगठा कशावर तरी घासत होता. त्यांनी फोन कानापासून थोडा दूर धरून पाहिला. मुलाचा आवाज लहान झाला. फोनला बटणं होती. आकड्यांची, रबरी, तीनचं पुसून गेलेलं. वर बोटभर काच, तिच्यावर वेळ आणि प्रसेनजितचं नाव अर्धं. या फोनात नेट येत नाही. हा फोन निघाला तेव्हा ते नेट निघालंच नव्हतं.

"बाबा? आहात का?"

"हाये," पुंजाजी म्हणाले. "उद्या लावतो."

त्यांनी फोन परत दिला. भगवानरावांनी तो घेतला, पण पिशवीत घातला नाही. दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवून दिला, जसं काही तो सगळ्यांना माहीतच होता.

पुंजाजी आत गेले. आत त्यांना थोडा वेळ लागला. बाहेर आले तेव्हा हातात ताटली होती, एक भाकर, अंबाडी, बाजूला तेलाची वाटी. त्यांनी ती भगवानरावांपुढे ठेवली आणि चहाचं विचारलं नाही, म्हणजे आताच घेऊन आलो म्हणायला जागा राहिली नाही. मग आपल्या जागेवर जाऊन बसले आणि गल्लीकडे पाहू लागले, कारण माणूस खातो का नाही हे टक लावून पाहणं बरं दिसत नाही.

शेळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. मग भाकर मोडल्याचा आवाज आला.

भगवानरावांनी हळूहळू खाल्लं. बहात्तराव्या वर्षी दात जेवढे असतात तेवढ्यांनी. समोरच्या दारात वैष्णवी कॉलेजची बॅग घेऊन आली, तिने पाहिलं, बॅग खाली ठेवली, उचलली आणि आत गेली. अंबाडी संपली. भगवानरावांनी वाटीतलं तेल भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलं आणि मग बोलले.

"मीठ कमी हाये."

"असन," पुंजाजी म्हणाले.

मग त्यांनी गल्लीकडेच पाहत विचारलं. आवाज चढवला नाही, पण सरपंचाशी ते या आवाजात पूर्वी कधी बोलले नव्हते.

"दीड साल झालं. ए मोठा का ल्हान, मले रोज विचारलं तुम्ही. ह्या फोनात त काहीच येत नाई. मंग काऊन येत व्हते, भाऊ?"

भगवानरावांनी पंच्याने हात पुसले, एकेक बोट. ओट्यावरचा फोन उचलून निळ्या पिशवीत घातला, नाडी ओढली, पिशवी बंडीच्या खिशात ठेवली आणि खिशावर एकदा हात ठेवून ती आहे याची खात्री केली. खांबाला धरून उठले. चपला घातल्या, आधी डावी, मग उजवी. जोते उतरले. शेळी वाटेत होती, तिला बाजूला केलं, आणि गल्लीच्या वळणावरून निघून गेले.